कोऱ्या चकतीचा गोल

आमच्या कॉलेजात एकही पाला कधी नापास झाला नाही. पोरं नापास व्हायची, पोरी व्हायच्या, पण पाला? नाव नको! अडुळसा पास, निर्गुडी पास, शेवगा पास, सीताफळ तर डिस्टिंक्शनमध्ये. खामगावच्या बाहेर, हायवेपासून जरा आत आमचं फार्मसी कॉलेज. एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाच्या नावावर एकेक झाड चढायचं. त्याचा पाला वाळवायचा, कुटायचा, मिथेनॉलमध्ये भिजत घालून अर्क काढायचा आणि तो अर्क जंतू मारतो असं दाखवायचं. मारतो का हे बघायचं नाही हं, दाखवायचं. दरवर्षी आमच्या प्रयोगशाळेत जंतू बिचारे पटापट मरायचे आणि बाहेर गावागावांत मात्र त्यांचं मस्त चाललेलं असायचं.

आमचे गाइड सर मूळचे मेहकरकडचे. पण दोन वर्षं पुण्यात काढून आले आणि तेव्हापासून 'मले', 'तुले' त्यांच्या कानाला टोचायला लागलं. मी एकदा म्हटलं, "सर, मले झाड नाही भेटलं." तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मला झाड मिळालं नाही, असं म्हणा. संशोधन करायचंय ना तुम्हाला?" बोली सुधारली की संशोधन आपोआप सुधारतं, अशी त्यांची पक्की समजूत. मी तेव्हापासून त्यांच्यासमोर तोंड दाबून बोलायची.

झाडांच्या वाटपाच्या दिवशी माझी बस चुकली. मी पोहोचेपर्यंत तुळस, कडुनिंब, गुळवेल ही खानदानी मंडळी केव्हाच गेली होती. माझ्या वाट्याला काय उरलं? कंबरमोडी! शेताच्या बांधावर म्हणजे धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, कॉलेजच्या सायकल स्टँडमागे, जिथं कोणी काही पेरलेलं नाही तिथं ही उगवते. खरबरीत पाला जमिनीलगत पसरतो आणि लांब दांडीवर एक बारकं पांढरं-पिवळं फूल डोलतं. तिकडे पश्चिमेकडं हिला एकदांडी म्हणतात. आमच्याकडे निंदताना विळा बोटाला लागला की बाया हिचा पाला तळहातावर चुरडतात, दोन थेंब रस जखमेवर पिळतात आणि पुन्हा निंदायला लागतात. त्यासाठी कोणी एम. फार्म. करत नाही.

मी तोंड पाडून घरी फोन केला, तर बाबांना कोण आनंद! आमचं गाव रोहिणखेडच्या पलीकडं. बाबा वांगी, मिरची, सांबार लावतात. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला पुण्याच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. बाबा फोनवर ओरडलेच, "कंबरमोडी? आपली? तुया कालेजले येवढी अक्कल कवा आली बाप्पा!" त्यांना वाटलं, इतकी वर्षं जे आपण वापरत आलो ते शिकलेल्या लोकांनी अखेर मान्य केलं. मला फक्त उशीर झाला होता, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

पुढच्याच आठवड्यात कंडक्टरच्या ओळखीनं दोन पोती पाला माझ्या खोलीवर येऊन पडला. मी तो गच्चीवर सावलीत पसरला, तर घरमालकीण वर येऊन बघते आणि म्हणते, "काऊन वं, बकरी आनली का?" नंतर तो पाला खरंच कंबरमोडीचा आहे असा दाखला घ्यायचा होता. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी डहाळी उलटीपालटी केली आणि मलाच विचारलं, "काय आहे हे?" मी लॅटिन नाव सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारून तेच लिहिलं, खाली सही ठोकली, वर शिक्का मारला. झाली बाई ओळख पटवून!

संशोधनाची पद्धत आमच्याकडे वारशानं यायची. कपाटात लाल बाइंडिंगचे जुने प्रबंध रांगेनं उभे होते. मागच्या पोराचा प्रबंध घ्यायचा, झाडाचं नाव बदलायचं आणि आभाराचं पान तेवढं नवं लिहायचं. कॉम्प्युटरवर एका झटक्यात अडुळशाची कंबरमोडी झाली. तिसऱ्या प्रकरणात एका जागी 'अडुळशाची ताजी पाने तोडून' तसंच राहिलं होतं. सरांनी तो मसुदा दोनदा 'बारकाईनं' वाचला होता.

प्रयोग तसा सोपा. काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य ओतून थिजवायचं, त्यावर जंतू पसरायचे. टिकलीएवढ्या कागदी चकत्या अर्कात बुडवून त्यावर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंचा पांढुरका थर चढतो. चकतीभोवती स्वच्छ गोल राहिला तर समजायचं, अर्कानं तिथले जंतू मारले. गोल जेवढा मोठा तेवढे सर खूश.

आता खरी गंमत. पुस्तकात लिहिलेलं असतं की चकती आधी पूर्ण वाळू द्या, म्हणजे मिथेनॉल उडून जाईल आणि पाल्याचाच काय तो गुण उरेल. शिवाय शेजारी एक कोरी चकती ठेवा, नुसत्या मिथेनॉलमधली, म्हणजे ताडून बघता येईल. आमच्या लाल प्रबंधांत मात्र 'चकती बुडवून लगेच ठेवावी' असं होतं आणि कोऱ्या चकतीचा तर पत्ताच नव्हता. हे 'लगेच' आलं कुठून, ते मी पुढं लॅबच्या मामांना विचारलं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा सेवक, कॉलेज उघडल्यापासून तिथं असलेला एकमेव माणूस. ते म्हणाले, "पयल्या बॅचचं पोरगं होतं ना, त्याले चारची गाडी राहे. चकत्या वाळेपर्यंत कोन थांबते?" बस्स! एका पोराच्या चारच्या गाडीपायी आमच्या सगळ्या बॅचेसचं संशोधन ओलं राहिलं. पण हे मी पुढं विचारलं. तेव्हा मी ते पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं, खोटं कशाला बोलू?

पहिल्या बशीत गोल दिसले त्या दिवशी मी लॅबमध्ये अक्षरशः उडी मारली. चार चकत्या, चार गोल, असे स्वच्छ की बघत राहावं. मी फोटो काढून बाबांना पाठवला आणि खाली लिहिलं, 'आपल्या कंबरमोडीनं जंतू मारले.' त्यांचा लगेच फोन. "म्हंजे सिद्ध झालं?" मी म्हटलं, "हाव बाबा, झालं." हे 'हाव' माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महाग 'हाव' ठरणार होतं, पण तेव्हा मी हवेत होते.

तो फोटो दोन दिवसांत गावातल्या यच्चयावत फोनमध्ये जाऊन बसला. बाबा बाजारात वांगी विकता विकता लोकांना बशी दाखवायचे. "हे पांढरं दिसून राह्यलं ना, हे जंतू. आन् हे साफ दिसून राह्यलं, हे मायी पोरगी." आई सांगायची की एका गिऱ्हाइकानं मिरच्या तशाच ठेवून आधी कंबरमोडी उपटून नेली. मी सुट्टीत गेले की बाया गुडघे, पाठ, डोकं असं सगळं दुखणं घेऊन यायच्या. मी कपाळाला आठ्या घालून ऐकायची. टेंभा मिरवायला कोणाला आवडत नाही? मलाही आवडलाच.

आणि मग बाबांच्या पायाला बाभळीचा काटा लागला. अंगठ्याशेजारच्या बोटात शिरला, निघाला, पण जखमेचं तोंड मिटेना. बाबांना शुगर आहे. मोताळ्याच्या डॉक्टरनं ड्रेसिंगला एक दिवसाआड बोलावलं होतं. बाबा एकदा गेले आणि मग घरीच बसले. आईचा फोन आला, "सांग वं जरा तुया बापाले. डॉक्टरकडं जात नाई. पाला वाटून बांधून राह्यले. म्हन्ते, पोरीनं सिद्ध केलं तं मी कायले जाऊ?"

आता मी काय म्हणाले असेन? फार्मसी शिकलेली, मधुमेहाच्या पायावर परीक्षेत पानभर लिहून आलेली मी? मी आईला म्हणाले, "पाला चांगला धुऊन घ्या म्हणाव आणि खलबत्ता गरम पाण्यानं धुवा." वर हेही म्हणाले की दिवसातून दोनदा बदला. मला आतून गुदगुल्या होत होत्या. माझ्या बापानं डॉक्टरपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला होता ना!

त्याच सुमारास कॉलेजात परिषद ठरली. सरांनी माझं पोस्टर निवडलं आणि सांगितलं, "फोटो एकदम क्लीन हवा. बशीत पाच चकत्या, चार बाजूंना आणि एक मध्ये. सिमेट्री पाहिजे." मी बसले चकत्या बुडवायला. चार झाल्या आणि अर्क संपला. नवा काढायचा म्हणजे परत दोन-तीन दिवस. मधली जागा रिकामी ठेवली तर सरांची सिमेट्री गेली. मी पाचवी चकती नुसत्या मिथेनॉलमध्ये बुडवली आणि ठेवून दिली मधोमध. कोणाला कळणार होतं? फोटोपुरता तो कागदाचा गोल तुकडा.

दुसऱ्या दिवशी बशी काढली. पाच चकत्या आणि पाच गोल. मधला इतरांच्या बरोबरीचा, उलट जरा जास्तच देखणा.

मी स्टुलावर बसले. मग उठून पुस्तक उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा ते पान वाचलं. नवा अर्क काढला. या वेळी चकत्या पूर्ण वाळवल्या, तीन बशा लावल्या. तिन्हींमध्ये जंतूंचा थर चकतीच्या कडेपर्यंत जाऊन भिडला होता. गोल नाही. नखाएवढाही नाही. माझ्या कंबरमोडीनं एकही जंतू मारला नव्हता. जे काही मेले होते ते मिथेनॉलनं मेले होते, आणि मिथेनॉल जंतू मारतं हे शोधायला दोन पोती पाल्याची काही गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगायला फोन लावला. देवाशपथ लावला. पण मी तोंड उघडायच्या आधी तेच सुरू झाले, "परिषदेले मी येऊन राह्यलो बरं. शेजारचे दोघंजन बी येतो म्हन्तात. पयल्या रांगेत बसू देईन का तुया सर?" मी विचारलं, "पाय कसा आहे?" "मस्त! जरासं लाल झालं बोट. पन दुखत नाई बिलकूल. तुया पाल्याचा गुन!" शुगरच्या माणसाचा पाय दुखत नाही म्हणजे पायाची जाणीवच गेलेली असते, ते मला माहीत होतं. मी एवढंच म्हणाले, "डॉक्टरला दाखवा एकदा." ते म्हणाले, "हाव, दाखवतो." आम्ही दोघंही खोटं बोललो आणि फोन ठेवला.

सकाळी बशा घेऊन मी सरांकडे गेले आणि मधली चकती कोरी असल्याचं सांगितलं. सरांनी मधल्या चकतीची बशी उजेडाकडं धरली, आणि त्यांचं दोन वर्षांचं पुणं एका क्षणात गळून पडलं. "काऊन ठेवली वं हे? कोनं सांगतलं होतं तुले शायनेपना कराले?" मग स्वतःच दचकले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "म्हणजे, आवश्यकता नव्हती." मी म्हटलं, "सर, गोल मिथेनॉलचा आहे." ते म्हणाले, "मग आजवर इथून गेलेल्या सगळ्यांचे गोल कशाचे होते? सांगा ना." त्या सगळ्यांत सरांच्या स्वतःच्या, इथंच केलेल्या पीएच.डी.चाही गोल होता, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. मग बशी माझ्यासमोर सरकवून ते अगदी मायेनं बोलले, "आधीचा चार चकत्यांचा फोटो आहे ना? तोच लावा. आपल्या परंपरेचा प्रश्न आहे."

आणि मी लावला. कोणी माझा हात धरून लावून घेतला नाही. सरांना नावं ठेवणं सोपं आहे, मी आजही ठेवते, पण पोस्टरला टाचण्या मीच मारल्या.

परिषद दणक्यात झाली. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, आणि माइक दर पाच मिनिटांनी किंचाळणार. प्रमुख पाहुणे म्हणाले, आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. त्यांना ठाऊक होतं तर मग आपण इथं काय करून राह्यलो, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. परीक्षक माझ्या पोस्टरसमोर थांबले, गोल न्याहाळले आणि विचारलं, "हिची भाजी करतात का हो?" मी म्हटलं नाही. ते म्हणाले, "बघा करून, स्कोप आहे." मला दुसरा नंबर मिळाला. बक्षीस म्हणजे काळ्या पाटावर उभं काचेचं पान, खाली माझं नाव चुकीचं कोरलेलं. पहिल्या रांगेत बाबा नव्हते. सकाळीच त्यांचा फोन आला होता, "बोट जरा सुजलं वं, चप्पल चढत नाई. तू बक्षीस घेऊन ये, मी घरी पायतो."

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन मी गावी गेले. बाबा ओसरीवर बाजेवर बसलेले, पाय विटेवर ठेवलेला, बोटाभोवती हिरवागार लेप आणि वर आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. मला बघून हात पुढं केला तो पानासाठी. "अरे वा! काचेची कंबरमोडी!" मी पान त्यांच्या हातात दिलं आणि खाली बसून पट्टी सोडली. वास आला. लेप पाण्यानं काढला. बोट काळं पडलं होतं, आणि काळ्याच्या वर लाली घोट्याकडं निघाली होती. "दुखत नाई ना," बाबा मोठ्या कौतुकानं म्हणाले, "पाह्य ना, दाबून पाह्य!"

शेजाऱ्याची भाजीची गाडी खामगावच्या बाजाराला निघत होती. तिच्यात मागे, कोबीच्या पोत्यांना टेकवून मी बाबांना दवाखान्यात आणलं. वाटेत त्यांनी काचेचं पान मांडीवरून खाली ठेवलं नाही. डॉक्टर माझ्याच वयाची बाई होती. तिनं बोट बघितलं, नखाच्या खाचेत राहिलेला हिरवा पाला चिमट्यानं काढला आणि विचारलं, "हे कोणी लावायला सांगितलं?"

साऱ्या मोताळा तालुक्याला ज्यानं फोन दाखवून माझं नाव सांगितलं होतं, तो माझा बाप मान खाली घालून म्हणाला, "कोनी नाई जी. मायाच अडानीपना."

डॉक्टर माझ्याकडं वळली. "तुम्ही तर शिकलेल्या दिसता. समजावून सांगायचं ना यांना." मी मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं, आणि तरीही मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट काढलं. पाय वाचला, हे नशीब.

पुढं मी प्रबंधात वाळवलेल्या चकत्यांचा निकाल लिहिला आणि कोऱ्या चकतीचा फोटो छापला. सरांनी कितीतरी महिने सही अडवून धरली. 'नकारात्मक विचारसरणी' असा शेरा मारला. शेवटी बाहेरच्या परीक्षकांच्या समोर एकदाची सुटले. आमच्या कॉलेजात नापास झालेला पहिला पाला माझा. आता मी दुसऱ्या गावी शिकवते, आणि पोरं मला मागून 'कोरी मॅडम' म्हणतात, कारण कोणताही गोल दाखवला की मी आधी कोरी चकती मागते. म्हणू देत. कंबरमोडीला मी कधी बोल लावत नाही. तिनं शुगरच्या पायाची हमी कुठं दिली होती? ती मी दिली होती.

पण वॉर्डातलं सांगायचं राहिलंच. तिसऱ्या दिवशी आई डबा धुवायला नळावर गेली तेव्हा मी बाबांना सगळं सांगितलं. "बाबा, तो फोटोतला गोल पाल्याचा नव्हता. ज्या दवाईत पाला भिजवतो ना, तिचा होता. पाल्यानं काहीच नाही मारलं."

बाबांनी मान वळवून उशाकडं बघितलं. उशाशी ते काचेचं पान ठेवलेलं होतं. मग त्यांनी विचारलं, "हे तुले कवा समजलं?"

मला तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. जीभ तयारही होती. पण मी म्हटलं, "तुम्ही परिषदेले येतो म्हनत होते ना फोनवर, त्याच्या आधी."

ते वर पंख्याकडं बघायला लागले. मिरचीचं रोप टाकल्यापासून किती दिवस झाले हे मोजताना हलतात तसे त्यांचे ओठ हलत होते. मोजून झाल्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"म्हंजे तवा तं नुसतं लाल होतं," ते म्हणाले, आणि चादर पायावर ओढून घेतली.